पेशीच्या दिवशीचं मयत

"हुजूर, इन लोगों को अपील से क्या मतलब? पीके पडे रहते हैं. खारीज कीजिए."

आदिलाबादच्या कोर्टात पाटलाचा वकील हे बोलला तेव्हा माझा बा दाराशी हात जोडून उभा होता. माणसं हसली. बानं उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. मला त्या वकिलाच्या नरडीचा घोट घ्यावासा वाटला.

मी दहावी झालेली. शाळेत तेलुगू शिकले होते, म्हणून त्या दिवशी बानं मला पहिल्यांदा सोबत नेलं होतं. गावकीच्या कामापोटी मिळालेली आमची जमीन पाटलानं नांगरून घेतली होती. खालच्या कोर्टात आम्ही हरलो, म्हणून वर अपील केलं. आता पाटलाचा अर्ज होता. अपील करणारा पेशीला, कोर्टाच्या तारखेला, येत नाही, मुद्दाम रखडवतो, तेव्हा अपीलच काढून टाका. जज्जसाहेबांनी शेवटची संधी दिली. पुढच्या पेशीला बा हजर नसला, तर अपील गेलं आणि जमीनही गेली.

बा पेशीला का जात नव्हता, हे सांगायला त्याची जीभ उचलली नाही. मी सांगते.

पेशीच्या दिवशी पहाटेच पाटलाचा गडी आमच्या दारात यायचा. अमक्या गावी सांगावा घेऊन जा. कधी सोयरिकीचा, कधी मयताचा. आम्ही बौद्ध झालो, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, पण मयताची खबर नेणं बाच्या अंगातून गेलं नव्हतं. "मयताले नाही म्हणू नये पोरी," म्हणायचा.

एकदा पाटलाचा चुलता मेला म्हणून बाला त्या चुलत्याच्या लेकीकडे धाडलं. बा उन्हातान्हात पायी गेला. लेक ऊर बडवत बैलगाडीतून माहेरी आली, तर चुलता ओट्यावर तंबाखू मळत बसलेला. जावयानं बैलाच्या कासऱ्यानं बाला भर चावडीपुढं सडकून काढलं. पाटील बघत होता. म्हणाला, "यालेच नीट आयकू येत नाही." इकडे बाच्या पाठीवर वळ उठत होते आणि तिकडे कोर्टात त्याच्या नावाचा पुकारा होऊन गेला.

शेवटच्या पेशीचा दिवस उजाडला. बा पागोटं बांधत होता. धाकटा पाटील, पाटलाचा लेक, स्वतः आला, सोबत दोन गडी.

"आजी गेली. आत्याच्या गावाले सांगावा घेऊन जाय. आत्ताच्या आत्ता."

बाचे हात थांबले. त्याचं तोंड बघूनच मला कळलं, हा जाणार. मी दारात आडवी झाले.

"बा जाणार नाही. आज पेशी हाय."

"काय म्हन्ली वं?"

"तुमचं मयत तुमी सांगा. पाय हायेत ना तुमाले?"

पहिली काठी माझ्या उजव्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. बा मधे पडला, त्याचं डोकं फुटलं. वस्तीतल्या माणसांनी दारं लावून घेतली. मी डाव्या हातानं अंगणातल्या चुलीतलं जळतं लाकूड उपसलं आणि धाकट्या पाटलाच्या तोंडावर हाणलं. कातडी करपल्याचा वास आला. तो गुरासारखा ओरडला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

गडी त्याला सावरत होते, तेवढ्यात मी बाला ओढत पांदीच्या वाटेनं सडकेवर आणलं. इचोड्याकडून आदिलाबादला निघालेल्या एका ट्रकवाल्यानं रक्त बघून काही न विचारता आम्हाला वर घेतलं.

कोर्टात पुकारा झाला. "हाजर," बा म्हणाला. त्याच्या डोक्याचं फडकं लालभडक झालं होतं. जज्जसाहेबांनी तेलुगूत विचारलं, कुणी मारलं? मी तेलुगूतच सांगितलं. सांगावे, चुलता, कासरा, आजची काठी. या वेळी कुणी हसलं नाही. पाटलाचा अर्ज फेटाळला गेला. जमीन काही मिळाली नाही, पण अपील जिवंत राहिलं.

परतताना ठाण्यात गेलो. जमादारानं आमच्याकडे बघून पेन खाली ठेवलं.

"पोरी, पाटलाची माय खरंच गेली ना आज. मयत घरात पडून हाय, लेकीची वाट पाहून राह्यले. आजच्या दिवशी तरी तक्रार नोको."

मला वाटलं होतं, याही वेळी खोटंच असणार. ती म्हातारी मला माहीत होती. लहानपणी वरूनच ओंजळीत पाणी ओतायची, पण हळू ओतायची, पोट भरेस्तोवर ओतायची.

बा उठला. "सांगावा देऊन येतो पोरी. खरं मयत हाय."

मी चांगल्या हातानं त्याला धरून खाली बसवलं.

"खरं असू दे. जमादारसायेब, लिवा. फिर्यादी म्हणून माझं नाव घाला."

म्हातारीचं मला आजही वाईट वाटतं. तरी त्या घरातलं मरण आमच्या पायांनी कुठल्याही गावाला जाणार नाही. त्यांची मढी दारात कुजली तरी जाणार नाही. आणि पुन्हा कुणाला काठी घेऊन यायचं असेल तर खुशाल यावं, माझ्या दारामागं कुऱ्हाड असते.