मागे वळायचं नाही

इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत ताईचं काम रोलरच्या पलीकडच्या तोंडाशी असायचं. गरम रोलरमधून चादर बाहेर आली की दोन टोकं तिनं धरायची, दोन टोकं समोर उभ्या राहणाऱ्या जोडीदारणीनं, लंबीनं. ताणायची, झटकायची, जोडायची, पुन्हा ताणायची. तोंडं आपली बोलत राहायची आणि हात आपलं काम करत राहायचे. चादरीकडे बघतंय कोण? समोरचीनं ओढ जराशी सैल सोडली तरी बोटांना आधी कळायचं.

लंबी तोंडाची फटकळ. ताईची एकच गोष्ट तिच्या गळी उतरत नव्हती.

"चाळिशी आली गं तुझी. दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडतात. आणि घरी जाऊन काय करतेस, तर कॉम्प्युटरवर राक्षसाचा मार खातेस! निदान मारणारी तरी हो की बाई."

"मारणारे ढिगानं मिळतात," ताई म्हणायची. "मार खाणारं कुणी मिळत नाही. म्हणून तर आपल्याला भाव आहे."

"काय भाव आहे? किलोवर विचारतेय."

हे खूळ ताईच्या डोक्यात घातलं ते तिच्या धाकट्या भावानं. आता डोकं दाराच्या चौकटीला लागायचं, तरी घरात तो बारक्याच. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झालेले बाबा आणि त्यांचा रेडिओ. आतल्या खोलीत, जुने भाग जोडून बारक्यानं उभे केलेले दोन कॉम्प्युटर, एकमेकांना खेटून. त्याच्या गेममध्ये चौघांनी मिळून गुहेत उतरायचं आणि तिथली जनावरं लोळवायची. दोघं मारणारे. एक मागे उभा राहून सगळ्यांच्या जखमा भरणारा, त्याला हीलर म्हणायचं. तो बारक्या. पडद्यावर प्रत्येकाच्या जिवाची एक लाल पट्टी असायची, घाव बसला की उतरायची, हीलरनं काठी उचलली की भरायची. आणि एक सगळ्यांच्या पुढे, ढाल घेऊन, जनावराचा सगळा राग आपल्या अंगावर ओढून घेणारा. त्याला टँक म्हणायचं, आणि तो काही केल्या टिकत नव्हता. कारण गुहेत कुणीही मेलं तरी शिव्या टँकलाच.

"ताई, तू ये ना," बारक्या गळ्यात पडला होता. "तुला नुसतं पुढे उभं राहायचंय."

"आणि?"

"आणि पडायचं नाही."

ती उभी राहिली आणि पडली नाही. मारणाऱ्यांपैकी एक होते मास्तर, एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि गेममध्ये बाण सोडायचे. दुसरा टायरच्या दुकानातला पंक्चर, तो तलवार घेऊन दिसेल त्यावर तुटून पडायचा. चौकडी जमली.

पण ताईला खरी गोडी लागली ती गुहेची नव्हे. बारक्या शेजारी बसायचा, दोघांचे डोळे आपापल्या पडद्यावर, हात गुंतलेले, आणि कानातल्या हेडफोनमधून नाही नाही ते बोलणं निघायचं. "डावीकडे, ताई, डावीकडे! ढाल वर! ...ती मुलगी नाही म्हणाली." "कोण, बसमधली? ...तू माझ्याकडे लक्ष दे आधी, पट्टी संपतेय माझी... का नाही म्हणाली?" आलेल्या स्थळाला आपण नकार का दिला, हेही ताईनं त्याला असंच सांगून टाकलं होतं, एका तीन तोंडांच्या सापाचे घाव ढालीवर झेलत. चहा पिता पिता हे जमलं नसतं. समोरासमोर बसलं की दोघांचीही जीभ टाळ्याला चिकटायची. आईच्या वळणावर गेलेली भावंडं, घरादाराची काळजी करतील पण शब्द बाहेर पडेल तर शपथ.

मग बारक्याला दूरदेशी कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी लागली. गेला. तिथंच, फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एका मुलीशी सही करून लग्न केलं. रजा मिळेना, तिकीट परवडेना, त्यामुळे भावजय ताईला दिसली ती फोनच्या काचेवर. फोन नेमानं यायचा.

"जेवलीस?"

"जेवले. तू?"

"हो. बाबा?"

"बरे आहेत."

मग दोन्हीकडून श्वास ऐकू यायचे, आणि फोन ठेवला जायचा.

पंक्चरला बाळ झालं, त्याचं खेळणं सुटलं. मास्तर राहिले. हीलर म्हणून रोज नवा अनोळखी माणूस. ताई कामावरून आली की कॉम्प्युटर लावायची आणि आधी मित्रांची यादी उघडायची. बारक्याचं नाव करड्या अक्षरांत. नाव हिरवं असेल तर माणूस आत आला आहे असं समजायचं. कुणाची वाट बघताना रिकाम्या जिन्याकडे बघावं, तशी ती त्या करड्या नावाकडे घटकाभर बघायची, आणि मग ढाल उचलायची.

एका सुट्टीच्या दुपारी नाव हिरवं झालं.

ताईच्या हातून पाण्याचा पेला कलंडला. तो पुसायचंही भान राहिलं नाही.

"बारक्या?"

"ताई! ऐक ना, एक काम आहे. हिला शिकवशील? हिला टँक व्हायचंय."

मागून बारीक आवाज आला. "नमस्कार ताई. मी... म्हणजे तुमची..."

"कळलं गं. या," ताई म्हणाली. आपण भावजयीला अहोजाहो का केलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

चौघांच्या टोळीत टँक एकच लागतो. मास्तरांना ते चटकन उमजलं असावं. ते उगाच खाकरले. ताईनं ढाल ठेवली, पेटीत पडून असलेला भाला काढला आणि कडेला उभी राहिली.

"पहिला घाव तू घाल," तिनं सांगितलं. "जनावर तुझ्यावर चिडलं पाहिजे. त्याचं तोंड तुझ्याकडेच राहिलं पाहिजे, आमच्याकडे नाही. ते आग ओकतं ना, ती तुझ्या एकटीच्या अंगावर गेली पाहिजे."

भावजयीनं घाव चांगला घातला. आणि लगेच गर्रकन मागे वळून पाहिलं. ढाल हलली, जनावर तिच्या बाजूनं वळलं आणि सगळी आग मास्तरांवर.

"मास्तर, लवकर आटोपलं तुमचं," बारक्या म्हणाला.

"निवृत्ती जवळच आलीय, सवय करतोय," मास्तर जमिनीवरून म्हणाले.

पुन्हा तेच. त्यानंतरही तेच. पुढे उभी राहायची आणि ऐन मोक्याला मान मागे. शेवटी बारक्या म्हणाला, "ताई, आज तूच हो पुढे. बघून शिकेल ती."

ताईनं ढाल उचलली, आणि काय सांगावं! लाल पट्टी उतरायची आणि पुन्हा भरायची, उतरायची, भरायची, त्याच जुन्या ठेक्यात. मागे तो होता. बघून शिकेल म्हणाला होता, तर तोंडानं सांगायला हवं होतं, इथं थांब, इथं ढाल वापर. ताई एक अक्षर बोलली नाही. गुहा संपली तेव्हा बारक्या पूर्वीसारखा खदखदून हसला. "अगदी पहिल्यासारखं, ताई!"

"मी जरा कपडे वाळत घालून येते," भावजय म्हणाली. ती परत आली नाही.

पुढच्या सुट्टीला नाव करडंच राहिलं. ताईनं न राहवून फोन केला.

"ती म्हणते, तुम्ही दोघं खेळा," बारक्या म्हणाला. "पण आमची सुट्टी एकच असते गं. ती तिकडे एकटी बसणार आणि मी इकडे... नको वाटतं."

"बरं."

"जेवलीस?"

दुसऱ्या दिवशी चादरी ताणताना ताईनं सगळं लंबीला सांगितलं.

"म्हणजे भावजयीला पाडलंस," लंबी म्हणाली.

"मी कुठे पाडलं? ती आपल्या पायानं पडली."

"हो का? मी नवीन आले तेव्हा रोज चादर माझ्या डोक्यावर यायची. हात धरून शिकवलंस तू मला. तेव्हा मध्ये भाऊ नव्हता ना." आणि लंबीनं चादरीला असा हिसका दिला, की ताई टेबलावर आपटता आपटता वाचली.

ताईनं भावजयीला एकटीला फोन लावला. बारक्या बाजूला नसताना, ताई कामाला निघायच्या आधी सकाळी, दोघींची वेळ जुळत होती. गेममधल्या रिकाम्या मैदानात एका मरतुकड्या डुकरासमोर दोघी उभ्या राहिल्या.

"ढाल राखून ठेवतेस तू," ताई म्हणाली. "मोठी ढाल. अगदी जीव जायला आला की मग काढू, म्हणतेस. सगळे नवीन हेच करतात आणि ढाल हातात ठेवून मरतात. घाव बसायच्या आधी काढायची. आणि कोपऱ्याआड जायचं नाही. मागच्याला तू दिसली नाहीस तर तो तुला वाचवणार कसा?"

"हो ताई."

"आणि ते मागे वळणं. भीती वाटते?"

"नाही हो, सवय आहे. फोर्कलिफ्टवर उंच माल घेतला की पुढचं काही दिसत नाही. मग गाडी मागे मागेच न्यायची, मान वळवून. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. न बघता गेलं की माणूस चिरडतो. माझ्या हातून आजवर कुणाला खरचटलंही नाहीये."

ही पोरगी घाबरट आहे असं ताईनं मनाशी ठरवून टाकलं होतं. ठरवायला बरं वाटलं होतं.

"मी चादरींच्या घड्या घालते," ती म्हणाली. "समोरचीनं टोक धरलंय का, हे बघावं लागत नाही मला. हाताला ओढ लागते. तसंच आहे हे. तुझी लाल पट्टी भरतेय ना, मग तो आहे. भरायची थांबली तर ओरड. पण वळू नकोस."

डुकरानं धडक दिली. भावजयीची मान हलली, अर्ध्यावर थांबली, पुन्हा समोर आली.

"अस्सं!"

"ताई, खरं सांगू?" भावजय डुकराला झोडपत म्हणाली. "मला खेळायची काही हौस नाहीये. घरी हा बोलतच नाही. थकून येतो, भिंतीकडे बघत बसतो. विचारलं की म्हणतो, काही नाही. एकदा म्हणाला, ताईबरोबर खेळताना मी बोलायचो. म्हणून म्हटलं..."

"पण टँकच कशाला व्हायचं?"

"तुम्ही तेच होता ना."

ताईला हसू आलं. जिन्याकडे बघत आपण एकट्याच बसलोय असं तिला इतके दिवस वाटत होतं.

त्या आठवड्यात रोज सकाळी त्या डुकराचं काही खरं नव्हतं. लॉन्ड्रीत उशिरा पोचल्याबद्दल ताईनं बोलणीही खाल्ली.

सुट्टी आली. नावं हिरवी झाली, एकाखाली एक. मास्तर म्हणाले, "मी मृत्युपत्र करून आलोय, चला." भावजय ढाल घेऊन पुढे झाली. ताई भाला घेऊन कडेला, जनावर आणि बारक्या दोघंही दिसतील अशी.

आणि तेव्हा ताईच्या लक्षात आलं, की बारक्याला खेळताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं. शेजारी बसायचा तेव्हा ती आपल्या पडद्यात बुडालेली, आणि त्या दिवशी कडेला उभी होती तेव्हा डोळे भावजयीच्या चुकांवर. पडद्यात टँकला दिसतं काय, तर जनावराचं पोट. मागे कोण काय करतंय ते पट्टीवरून समजायचं, तेवढंच. आता तो समोर होता. पांढरा झगा, हातात काठी, चार वेळा पुसून ठेवल्यासारखा नीटनेटका. भावजयीवर घाव बसला की काठी उचलायचा. आणि प्रत्येक घावाला नकळत एक पाऊल पुढे टाकायचा. पुढे येऊन त्याचा काही फायदा नव्हता. उलट आग लागायची भीती. मग सावरून पुन्हा मागे जायचा. पुन्हा घाव, पुन्हा पुढे.

ताईचा भाला तसाच हातात राहिला.

"बाई, मारताय की दर्शन घेताय?" मास्तर ओरडले.

"मारतेय हो," ती म्हणाली. इतकी वर्षं हा तिच्या पाठीमागे असाच पुढे येत होता. तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्यालाही ठाऊक नसणार.

"डावीकडे सरक," बारक्या बायकोला सांगत होता. "हां, आता ढाल... बरोबर! ...अगं, परवा सुपरवायझर मला काय म्हणाला माहितीये? तुला सांगायचं राहूनच गेलं..." आणि तो बोलत सुटला. थांबेचना. कोल्ड स्टोरेजमधला गारठा, हातमोज्यांत बधिर झालेली बोटं, आईची आठवण कधी येते ते. सगळं बायकोला. भावजय मध्येच हुंकार देत होती आणि समोर बघत होती. मान एकदाही वळली नाही.

ताई ऐकत राहिली. तिच्या नावानं त्यातलं काही नव्हतं, पण सगळं तिच्या कानात पडत होतं.

शेवटचं जनावर अर्ध्यावर आलं तेव्हा भावजय एकदम म्हणाली, "ताई, एक विचारू? मला वळता येत नाही म्हणून. मागे काय करत असतो हो हा?"

"काय म्हणजे? उभा आहे मी!" बारक्या म्हणाला.

"तुला नाही विचारलं."

बारक्याचं ते पुढे पुढे येणं ताईला स्वतःशी ठेवता आलं असतं. तिच्यापाशी तेवढंच तर नवीन आलेलं होतं.

"तू समोर बघ," ती म्हणाली. "मी सांगत जाते."

जनावरानं पंजा उगारला. ढाल वेळेवर वर गेली.

"आत्ता?" भावजयीनं विचारलं.

"आत्ता एक पाऊल पुढे आला."

"काहीतरीच! मी कुठं..." बारक्या म्हणाला, आणि थबकला. स्वतःच्या पायांकडे बघत असावा.

"आता?"

"मागे गेला. लाजलाय." ताईनं भाला उचलला. "थांब... आला, परत आला."