पुजलेलं झाकण

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. विषय वनस्पतिशास्त्र. हिर्डोशीकडच्या आमच्या वाडीत ह्याचा अर्थ 'झाडांचं शिकलेला' असा घेतला गेला, आणि त्यात काही चुकीचं नव्हतं. पण झाडांचं शिकलेल्या माणसाला झाड कापायच्या मशीनमधलंही कळत असणार, असंही सगळ्यांनी धरलं. मला ते नाकारता आलं नाही, कारण मी शिकलो ते त्याच मशीनवर.

मशीन माझ्या चुलत्यांचं. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. भोरच्या एका वखारीतलं, वापरून झालेलं, पेट्रोलवर चालणारं साखळीचं करवत-मशीन त्यांनी घेतलं तेव्हा मी दहावीत होतो. वाऱ्याने पडलेली झाडं, वठलेल्या फांद्या, कौलांवर झुकलेले बुंधे, असं जिथं काम निघेल तिथं तात्या मशीन खांद्यावर टाकून चालत जायचे. माझी कॉलेजची फी, खोलीचं भाडं, मेसचा डबा, सगळं त्या आवाजातून आलं. परीक्षेच्या दिवसांत दूर कुठं मोटारसायकल फुरफुरली तरी मला तात्या आठवायचे आणि मी पुन्हा पुस्तक उघडायचो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझा निकाल लागला त्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने रस्त्याकडेचा जुना आंबा आडवा झाला. एसटी तीन किलोमीटर खालूनच परत फिरायला लागली. तात्यांनी गावाला सांगितलं, "दोन दिसात रस्ता मोकळा करतो."

चौथा दिवस उजाडला तरी आंबा तसाच. मशीन सुरू व्हायचं, हवेत झकास फिरायचं, पण साखळी लाकडाला टेकवली की दम सोडायचं. उचललं की पुन्हा झकास.

लोक रेशनची पोती डोक्यावर घेऊन आंब्याला वळसा घालून जायचे आणि जाताना एखादा सल्ला ठेवून जायचे. एक म्हातारबा रोज थोडा वेळ उभे राहून बघत. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "तात्या, वर उचललेलंच धरा की. तसं लई चांगलं चालतंय."

तात्या हसले नाहीत. कारण त्याच सकाळी गावातल्या दोघांनी त्यांना विचारलं होतं, "पासलीवाल्याला निरोप धाडायचा का?" वेल्ह्याच्या बाजूला पासलीत एकाने नुकतंच नवं मशीन घेतलं होतं. तात्यांचा उजवा खांदा तरुणपणी हातकरवत ओढून कामातून गेलेला, तेव्हा मशीन बंद पडलं की तात्याही बंद. आणि त्यांच्याच गावाचा रस्ता परक्या मशीनने मोकळा केला असता तर पुढचं काम त्यांच्याकडे कोण घेऊन येणार?

"उद्या सांजच्यापत्तुर थांबा," तात्या म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बघ बाबा. पंधरा वरसं शिकलायस."

मशीनबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. ती काकींनी देवघरात ठेवली होती. मी ती उघडून मोठ्याने मराठीत सांगायला लागलो. ताकद कमी झाल्यास पहिलं: हवेची गाळणी साफ करा. शेजारी चित्र होतं, बाण होता. बाण मशीनच्या मागच्या गोल झाकणाकडे जात होता.

त्या झाकणाबद्दल सांगायला हवं. मशीन घरी आल्यावर पहिल्याच खंडेनवमीला कोयता, पहार, कुदळ ह्यांच्या रांगेत ते पूजेला मांडलं गेलं, तेव्हा त्याचं कपाळ कुठलं ह्यावर घरात चर्चा झाली होती. झाकणाला बारीक फटी होत्या, त्या मिटल्या डोळ्यांसारख्या दिसत. म्हणून ते कपाळ ठरलं. तेव्हापासून खंडेनवमीला आणि प्रत्येक मोठ्या कामाआधी काकी तिथं ओलं हळदकुंकू लावून वर अक्षता चिकटवत. मशीन बिघडल्यापासून त्या सकाळ-संध्याकाळ लावत होत्या. तात्या मशीनचा प्रत्येक स्क्रू जाणत, पण ते झाकण त्यांनी कधी उघडलं नव्हतं.

तात्यांनी चित्र बघितलं, मग मशीन बघितलं. "पुजलेलं हाय ते. दुसरं काय लिवलंय?"

मी दुसरं वाचलं. विद्यापीठाची पदवी हातात असताना मी दुसरं वाचलं, हे इथं लिहून ठेवतो.

दुसरं म्हणजे प्लग. तो घासला. लाकडाला टेकताच मशीन बंद पडून बसलं. काकींनी हळदकुंकू लावलं. साखळीच्या दातांना कानशीने धार काढली. मशीन बसलं. हळदकुंकू. जुनं पेट्रोल ओतून टाकून ताजं पेट्रोल-ऑइल मिसळून भरलं. मशीन बसलं, आणि ह्या वेळी आधी नारळही फुटला होता. संध्याकाळपर्यंत मशीन लग्नाला निघाल्यासारखं दिसत होतं आणि साध्या फांदीवरही बंद पडत होतं.

सकाळी आम्ही ते पोत्यात घातलं, तीन किलोमीटर उतरून एसटी धरली. पोत्याच्या तोंडातून झेंडूची माळ बाहेर आली होती.

कंडक्टरने विचारलं, "देव कुठं निघाला?"

"दवाखान्यात," तात्या म्हणाले. त्याने देवाचं तिकीट फाडलं नाही.

भोरला एका मिस्त्रींचं लहानसं गॅरेज होतं. मुसलमान गृहस्थ, तात्यांच्याच वयाचे. स्कूटर, फवारणीचा पंप, पिठाच्या गिरणीचं इंजिन, काहीही त्यांच्याकडे जायचं. त्यांनी मशीन सुरू केलं, एका ओंडक्याला टेकवलं, बंद पडू दिलं. मग त्या लाल-पिवळ्या झाकणाकडे बराच वेळ बघत बसले.

"मामा, हे शेवटचं कधी उघडलं होतं?"

"उघडलं न्हाई."

"कधीच?"

"पुजलेलं हाय."

"आत गाळणी हाय. उघडावं लागंल."

"मग उघडा की."

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "मी न्हाई. तुमच्या पूजेच्या जागी माझा पाना नको. तुमी उघडा."

"म्या कसा उघडू? घरात त्याच्याच पाया पडतो."

दोघेही एकमेकांच्या भिडेपायी हात मागे घेऊन बसले. चहा आला, संपला. मशीन मध्ये तसंच. शेवटी दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"ह्यो शिकलेला हाय," तात्या म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला," मिस्त्री म्हणाले.

मी चप्पल काढली, मशीनला नमस्कार केला आणि झाकणाचा स्क्रू फिरवला. आत दुसरी कुंकवाची कोयरी निघाली. ऑइलमध्ये भिजलेलं हळदकुंकू गाळणीवर थराने बसून वाळलं होतं. त्यात तांदूळ होते. त्यांना मोड आलेले नव्हते, पण कांडलेल्या तांदळाला मोड येत नाहीत एवढं मला ठाऊक होतं. त्या दुरुस्तीत माझ्या वनस्पतिशास्त्राचा उपयोग झाला तो एवढाच.

मिस्त्रींनी गाळणी पेट्रोलमध्ये धुतली. "मशीनला काय झालेलं न्हाई," ते हळूच म्हणाले. "हवेत फिरायला थोडा श्वास पुरतो. लाकडात शिरायचं तर छाती भरून लागतो. हे त्याचं नाक हाय, मामा. मामींना सांगा, माया करा, पण नाक सोडून." मग मशीन ओंडक्यात शिरलं आणि बाहेरचं कुत्रं उठून पळालं.

परत चढून आंब्यापाशी आलो तर तिथं गर्दी. आमचा शब्द संध्याकाळपर्यंतचा होता, तरी गावाने पासलीवाल्याला बोलावलं होतं. त्याचं चकचकीत मशीन बुंध्यात चार बोटं गेलं होतं आणि तिथंच गुरगुरून बंद पडत होतं. तात्या दुसऱ्या टोकाला गेले, दोरी ओढली आणि पहिला ओंडका रस्त्यावर पडला. मग दुसरा. ते म्हातारबा म्हणाले, "आता टेकवून बी चालतंय."

अर्धा आंबा मोकळा झाल्यावर तात्या पासलीवाल्याजवळ गेले. त्याच्या मशीनच्या झाकणावर कुंकवाचं ताजं स्वस्तिक होतं.

"पाहुणं, ते झाकण उघडा."

"पुजलेलं हाय ओ."

"ठावं हाय. आमच्या पोराला द्या. तो शिकलेला हाय."

मी पुन्हा चप्पल काढली.

संध्याकाळची एसटी हॉर्न वाजवत वर आली. काकी ताट घेऊन मशीनसमोर आल्या तेव्हा तात्यांनी त्यांना नाकाचं सांगितलं. काकींनी मशीन सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं.

"मग त्याचं कपाळ कुठं?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मशीनकडे. काकींच्या बोटावरचं कुंकू वाळत चाललं होतं. शेवटी त्यांनी ते माझ्या कपाळाला लावलं, वर अक्षता चिकटवल्या आणि मशीनकडे बघून हात जोडले.

ते मशीन पुढे बरीच वर्षं चाललं. खंडेनवमीला तात्या मला नोकरीच्या गावाहून बोलावून घ्यायचे. कोयता, पहार, कुदळ, मशीन अशी रांग लागायची, आणि मशीनच्या वाटणीचं कुंकू लावून घ्यायला शेवटी मी बसायचो.