उंटावरचे शिपाई आणि माझी जीभ

बोटाएवढे उंट आणि त्यांच्यावर बसलेले इंग्रजांच्या काळातले शिपाई, ते मी हेंद्रेपाड्याला घरी आणून रंगवायचे, माल कॅम्प तीनमधल्या कारखानदार शेठचा. परदेशात मोठी माणसं ते टेबलावर मांडून लढाई-लढाई खेळतात म्हणे. शिपायाच्या फेट्याला बारीक लाल रेघ मारायला ब्रशचं टोक सुईसारखं लागतं. शेठनेच शिकवलेलं, ब्रश जिभेवर फिरव, टोक येतं. मी तसंच करत होते, आणि पोरगी मांडीवर दूध पीत असायची.

मग एकदा आरशात बघितलं तर जीभ लालभडक, आणि मला धडकीच भरली, हे दुधातून पोरीच्या पोटात जात असेल तर?

सासूला सांगितलं, तर ती म्हणाली, "नाटकं नकोत. काम करायचं नसेल तर सरळ सांग."

तशीच पोरीला कडेवर घेऊन, उंटांचा डबा उचलून शेठकडे गेले.

"शेठ, ह्या रंगात काय असतं?"

"अरे, कुछ नहीं होता. सगळ्या बायका चाटतात. तू कुठली महाराणी?"

मी त्याच्याच टेबलावरचा ब्रश लाल रंगात बुडवला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. "मग तुम्ही चाटा."

तो खुर्चीसकट मागे सरकला. "पागल है क्या!"

मी उंटांचा डबा तिथंच आपटला आणि बाहेरच्या नळावर जीभ घासत राहिले, तो आतून आईवरून शिव्या देत होता तरी.