टपालवालीची पुढची गोष्ट

मी सातवीत असताना पांढुर्ण्याच्या वाचनालयात एक मराठी साप्ताहिक यायचं. त्यात एका टपालवालीची कथा क्रमशः चालली होती. खांद्यावर थैली, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि चुकलेली पत्रं ज्याची त्याला पोचवायला ती गावोगाव फिरायची. पत्र देता देता लोकांची भांडणं मिटवायची, हरवलेली माणसं शोधून काढायची. मी आणि माझी मैत्रीण एकच अंक दोघींच्या मांडीवर ठेवून वाचायचो. तिचं वाचन माझ्यापेक्षा सावकाश, म्हणून पान उलटायचा हक्क तिचा.

एका अंकात टपालवाली पुलावर येऊन थांबली. हातातलं पत्र पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या नावाचं होतं. खाली ‘क्रमशः’ लिहिलेलं. पुढचा अंक आलाच नाही. साप्ताहिक बंद पडल्याचं ग्रंथपालांनी सांगितलं, तरी कितीतरी आठवडे आम्ही जाऊन विचारत राहिलो.

मग आम्हीच गोष्ट पुढे न्यायला लागलो. शाळेतून येताना एक दिवस ती सांगायची, एक दिवस मी. तिची टपालवाली संत्र्याच्या बागेत चोर पकडायची, सावरगावात कुणाचं तरी लग्न जुळवायची. माझी टपालवाली जरा जास्तच रडायची. पण त्या पत्राचं काय करायचं, यावर आमचं कधी जमलं नाही.

“फाडून वाचते न ते,” एक जण म्हणायची.

“नाही वाचत. थैलीतच ठेवते,” दुसरी म्हणायची.

त्यावरून आम्ही चार दिवस बोललो नव्हतो. पुढे ती लग्न होऊन सौंसरला गेली आणि मी शाळेत हिंदी शिकवायला लागले. भेटी लग्नकार्यापुरत्या उरल्या.

निवृत्त झाल्यावर मी ती गोष्ट लिहायला घेतली. आमचं राज्य हिंदी, त्यामुळे सगळी नोकरी हिंदीत गेलेली. घरी मराठी बोलणं वेगळं आणि कादंबरी लिहिणं वेगळं. ऱ्हस्व-दीर्घ बघायला दर पानाला शब्दकोश उघडावा लागे. माझ्या भाचीला सांगितलं तर ती हसली. “मावशी, याले फॅन फिक्शन म्हणतात. आमच्या कॉलेजातल्या पोरी मोबाइलवर लिहितात.” लहानपणी आम्ही दोघी जे करत होतो त्याला नाव आहे, हे मला तेव्हा कळलं.

पण टपालवाली माझी नव्हती. मूळ लेखक वारले होते. विचारत विचारत नागपूरला त्यांच्या मुलाचा पत्ता लागला. फोनवर मी चाचरतच परवानगी मागितली.

“त्या पत्रात काय आहे, हे मी बाबांना विचारलं होतं,” ते म्हणाले. “ते म्हणाले, मलाही माहीत नाही, पुढच्या आठवड्यात बघू.”

त्यांनी लेखी परवानगी पाठवली. अट एकच, हे एका वाचकाचं लेखन आहे असं पहिल्याच पानावर छापायचं. मला तर ते आवडलंच.

दुसऱ्याच्या पात्रावरची कादंबरी कोणता प्रकाशक घेणार? म्हणून मी पांढुर्ण्यातल्याच एका छापखान्यात गेले. तिथे लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पावत्या छापत. मालक म्हणाले, “मॅडम, पुस्तक आम्ही कधी केलं नाही. पण करून पाहू.” लग्नसराई लागली आणि माझी टपालवाली दोन महिने पत्रिकांच्या गठ्ठ्यांमागे पडून राहिली.

शेवटी प्रूफं हातात आली आणि मी ती छापखान्यातच वाचायला घेतली. टाइप करणाऱ्या बाईने सगळे संवाद ‘सुधारले’ होते. ‘काय करून राहिली वं?’ चं ‘तू काय करत आहेस?’ झालं होतं. ‘मले’ चं ‘मला’, ‘काऊन’ चं ‘का’.

“काऊन बदललं हे?” मी विचारलं.

“मॅडम, पुस्तकात असं नाही राहत न,” ती म्हणाली. “लोक हसतील.”

“तुम्ही घरी कसं बोलता?”

“असंच बोलतो.” मग तीच हसली. “मले वाटलं, तुमच्याकडून चुकून लिहिल्या गेलं.”

आठ दिवस मी तिच्या शेजारी स्टूल टाकून बसले. ती एकेक वाक्य परत आणायची, आणि मध्येच थांबून सांगायची, “इथं ‘जाऊन राहिली’ नाही, ‘चालली’ म्हणतात.” ती बहुतेक वेळा बरोबर असायची.

पहिली प्रत घेऊन मी बसने सौंसरला गेले. शेवट मैत्रिणीचा ठेवला होता, टपालवाली पत्र न फोडता थैलीत ठेवते. तिने चष्मा लावून आधी शेवटचं पानच उघडलं.

“हे तं तुझं होतं,” ती म्हणाली. “मी तं फाडून वाच म्हणत होती.”

“नाही वं. तू म्हणत होती, थैलीतच ठेवते.”

“माय वं! त्याच्यावरूनच तं मी तुझ्याशी बोलत नव्हती.”

कोण खरं, हे सांगणारं तिसरं कुणी नव्हतंच. मला थोडं वाईट वाटलं. इतकी वर्षं मी तिची म्हणून जपलेली गोष्ट कदाचित माझीच होती. तिने मात्र पुस्तक मांडीवर ओढलं, पहिल्या पानावर आली आणि मोठ्याने वाचायला लागली. अजून तशीच सावकाश. चहा तिच्या सुनेने दोनदा गरम केला.

बाकीच्या प्रती हळूहळू गेल्या, बऱ्याचशा मीच वाटल्या. एका दुपारी तिगावहून फोन आला. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते.

“पुस्तक चांगलं आहे, बाई. पण नवव्या प्रकरणात तुम्ही पॅसेंजर सकाळी तिगावला थांबवली. त्या काळी ती सकाळी येतच नव्हती. दुपारची होती.”

मी चूक कबूल केली आणि त्यांचे आभार मानले. फोन ठेवला आणि पेन घेऊन उरलेल्या प्रती काढून बसले. प्रत्येकीत नववं प्रकरण उघडून ‘सकाळी’ खोडलं आणि वर ‘दुपारी’ लिहिलं.