दिव्याभोवतीची कडी

वीरभद्र मास्तरांकडे चहाला गेले की कपाच्या आधी हातात काजळी धरलेली काच यायची. काजळीत ब्लेडची दोन पाती जोडून ओढलेल्या, केसाएवढ्या दोन रेघा. "डोळ्याला लावा, वातीकडं बघा. काय दिसतं?" उजेड लाटांनी चालतो, दोन फटींतल्या लाटा एकमेकींना भिडल्या की कुठे उजेड दुणावतो, कुठे चक्क विझतो, म्हणून पट्ट्या दिसतात, असे ते सांगत.

ते आमच्या शाळेत शास्त्राचे मास्तर, मी कवायतीचा. शास्त्राशी संबंध शिट्टीपुरता. मला काचेतून मिणमिणता दिवा दिसे आणि पलीकडे मास्तरांचा आशेने फुललेला चेहरा. तो चेहरा बघून मी म्हणे, "वा! काय पट्ट्या आहेत!" चहा लगेच येई.

"डोळ्यानं बघा ओ कवायतवाले, माझ्या तोंडाकडं बघू नका," ते बजावत. माणूस उमरग्याकडचा, घरात कानडी, वर्गात निजाम सरकारची उर्दू आणि रागवायला मराठी.

एका हिवाळ्यात त्यांना नुसत्या कंदिलाभोवती रंगीत कडी दिसू लागली. आत निळी, बाहेर तांबडी. मास्तर हरखले. हवेतल्या धुळीने लाटा वाकतात, असा तर्क बांधून त्यांनी वहीच घातली. अर्धे डोके ठणकायचे. ते रुमालाने आवळून लिहीत बसत.

"एकट्यानं बघितलेलं शास्त्रात धरत न्हाईत. तुमाला दिसतंय का?"

मला कंदील दिसत होता. "व्हय की, लखलखीत!" म्हणत मी वहीत साक्षीदार म्हणून झोकात सही ठोकली. सहा महिने, रोज दिवेलागणीला. एकदा तर पदरचा जांभळा रंगही घातला.

पुढे मास्तर फळा सोडून भिंतीवर लिहू लागले. तेव्हा येडशीला गाडी धरून मी त्यांना सोलापूरला डॉक्टरांकडे नेले.

"दिव्याभोवती कडी दिसायची?" डॉक्टरांनी विचारले.

"दिसायची. दोघांनाबी!" मास्तरांनी अभिमानाने वही पुढे केली.

डॉक्टरांनी सह्या पाहिल्या आणि बॅटरी माझ्या डोळ्यांत मारली. "हे तर ठणठणीत आहेत. अशी कडी यांना काचबिंदूमुळे दिसली. तुम्हाला कशी दिसली?"

मी वही मिटून मास्तरांच्या हातात दिली.

"सहा महिने आधी आणायचं होतं," ते हळूच म्हणाले. "गेलेली नजर परत येत नाही."

परतीच्या गाडीत मास्तरांनी वही पिशवीच्या तळाशी घातली. वर्षभरात दोन्ही डोळे गेले. मी रोज जाऊन बसे. एका संध्याकाळी ते म्हणाले, "कोनाड्यातली काच घ्या. काय दिसतं?"

सवयीने मी त्यांच्याकडे पाहिले.

"तोंडाकडं नका बघू."

"नुसता दिवा," मी म्हणालो. "पहिल्यापासून नुसता दिवाच, मास्तर."

त्यांनी माझ्या हातातल्या काचेच्या कडेला बोट लावले. मग म्हणाले, "रेघा आडव्या धरत असाल. तुमी 'वा' म्हणायचात, म्हणून म्या कधी तपासलं न्हाय. वातीसारख्या उभ्या धरा."

मी काच फिरवली. वातीच्या दोन्ही अंगांना उजेड चिरत बारीक काळ्या रेघा उभ्या राहिल्या. माझ्या तोंडून 'वा' निघाला नाही.

"मोजा."

"सहा." पुन्हा मोजल्या. "नाही. पाचच."

"लिवा." त्यांनी चाचपडत वही माझ्याकडे सरकवली. "या बारीला सही माझी."

त्यांची सही ओळ सोडून वर चढली आणि माझ्या शेवटच्या झोकदार सहीवर जाऊन थांबली.