तराजूच्या पेटीतलं एक मत

दोन हजार तेवीसच्या विधानसभेच्या वेळी मतदान अधिकारी सरोजिनीकाकूंच्या घरी आले, तेव्हा मी तिथेच होते. जबलपुरात नेपियर टाउनातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या खालच्या मजल्यावर, मी वरच्या. खूप वय झालेल्यांना घरून मत देण्याची सोय त्या वेळी झाली होती आणि काकू पंच्याण्णवच्या. अधिकाऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. काकूंचा नातू अमेय चष्मा द्यायच्या निमित्ताने मागे जाऊन उभा राहिला. काकूंनी पेन खाली ठेवलं आणि तो गॅलरीत जाईपर्यंत उचललं नाही.

मंडळी गेल्यावर मी चहा टाकला आणि सहज विचारलं, पहिलं मत कधी दिलं होतं? मला वाटलं, एखादं साल सांगतील. त्यांनी जे सांगितलं त्यात चहा दोनदा गार झाला.

काकू लग्न होऊन जबलपुरात आल्या त्या दीक्षितपुऱ्यात. सासरे बापूसाहेब वकील. घरात सासूबाई, थोरली जाऊ इंदिरा आणि धाकट्या सरोजिनी अशा तिघी बायका. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. मतदारांची नावं लिहून घ्यायला एक कारकून आला, तेव्हा सासूबाई दाराआडून म्हणाल्या, "वकीलसाहेबांचं कुटुंब, एवढं लिहा." कारकून म्हणाला की असं चालत नाही, नाव पाहिजे, नाहीतर मत नाही. गल्लीतल्या कितीतरी बायका अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगून मोकळ्या झाल्या होत्या. सरोजिनीबाई मॅट्रिक झालेल्या. त्या सासूबाईंच्या कानाशी गेल्या आणि नाव विचारून आल्या. गोदावरी. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण सासूचं नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मग बापूसाहेब स्वतःच विधानसभेच्या निवडणुकीला उभे राहिले. कुठल्या पक्षात नव्हते, अपक्ष. वकिलाला शोभेल असं तराजूचं चिन्ह मिळालं. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चित्र. पडद्यामागे जायचं आणि आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. बापूसाहेबांनी घरातल्या तिघींना समोर बसवून चहाच्या डब्यावर तराजूचं चित्र डकवून दाखवलं. इंदिराबाईंनी तर डब्यात कागद टाकून सरावही केला. तिघी आपल्यालाच मत देणार, याबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्यांना तशी शंकाच नव्हती.

थंडीतलं मतदान. बायकांची खोली वेगळी, तिथे बसायला एक शाळामास्तरीण. बाहेर लुगड्यांची आणि साड्यांची ही मोठी रांग. काही जणी देवळात जावं तशा हातात फुलं घेऊन आल्या होत्या. एकीनं पेटीला हळद-कुंकू लावलं, म्हणून मास्तरीणबाई कासावीस झाल्या. तिघी एकेक करून आत गेल्या, एकेक करून बाहेर आल्या आणि वाटेत कोणी कोणाशी बोललं नाही.

बापूसाहेब पडले, आणि वाईट पडले. पण ते हरण्याने खचणारे नव्हते. त्यांना लागलं ते वेगळंच. मोजणीला ते स्वतः हजर होते आणि दीक्षितपुऱ्यातल्या बायकांच्या खोलीतली तराजूची पेटी त्यांच्यासमोर उघडली. आत एकच मत होतं.

घरी आले, कोट काढला, पाणी प्यायले. मग तिघींना बोलावून शांतपणे म्हणाले, "एकीनं तरी टाकलं. ती कोण, एवढं कळलं तर बरं वाटेल."

"मीच ते," सासूबाई म्हणाल्या. तेवढ्यात इंदिराबाई म्हणाल्या, "मी, मामंजी." आणि सरोजिनीबाईंनीही मान डोलावली.

बापूसाहेब तिघींकडे बघत राहिले. मग हसले आणि आत निघून गेले. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. तिघींपैकी प्रत्येकीला मात्र वाटत राहिलं की खरं मत दुसरीचं असेल, आपण उगीच श्रेय घेतलं.

पुढे सरोजिनीबाई शाळेत शिकवायला लागल्या. बापूसाहेब गेले. त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात तिघी अंगणात कुरडया घालत बसल्या होत्या. पुन्हा निवडणूक आली होती, भोंगे गल्लीतून फिरत होते. इंदिराबाई अचानक म्हणाल्या की आत गेल्यावर त्या दिवशी त्या इतक्या घाबरल्या की कागद पेटीवर ठेवूनच पळाल्या. तसं मत बाद धरत. सासूबाईंनी सोऱ्या बाजूला ठेवला.

"मीही नव्हतं टाकलं," त्या म्हणाल्या. "तेव्हा विधानसभा नागपूरला. निवडून आले असते तर नागपूरलाच राहिले असते. मग मी इथं काय करणार होते?"

दोघींनी सरोजिनीबाईंकडे पाहिलं. आता त्याच उरल्या होत्या. पण त्यांनीही नाही म्हणून मान हलवली. काहून नाही टाकलं, ते त्यांनी ना तेव्हा सांगितलं, ना मला. त्या दुपारी तिघी आधी खूप हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. कारण पेटीत मत तर होतं. मग ते टाकणारी कोण?

सरोजिनीबाईंना या प्रश्नाने धरलं. ते मत घरचं असतं तर त्यात विशेष काही नव्हतं. बाहेरच्या कोणा बाईला, पडद्यामागे एकटी असताना, त्या पडेल उमेदवाराला मत काहून द्यावंसं वाटलं? शाळेतून येताना त्या वाट वाकडी करून एकेका घरी टेकायला लागल्या. सरळ विचारता येत नव्हतं. त्या पापडाची, दुखण्याची, लेकीच्या लग्नाची चौकशी करत आणि मग हळूच बावन्न सालच्या मतदानाकडे बोलणं वळवत. कोणाला फक्त बोटावरची शाई आठवे. एकीनं सांगितलं की नवऱ्याने सांगितलेलं चित्र ती आत जाईपर्यंत विसरली होती. कळलं काहीच नाही, पण ज्या गल्लीत त्या दहा-बारा वर्षं डोक्यावर पदर घेऊन वावरल्या, तिथल्या बायका त्यांना आता नावानिशी कळायला लागल्या. पुढे मतदार नोंदणीचं काम शाळेवर आलं की हेडमास्तर ते डोळे मिटून त्यांच्याकडे देत.

उत्तर सापडलं ते ध्यानीमनी नसताना. गल्लीच्या टोकाला सुखरानी नावाची एक विधवा बाई राहायची. नवऱ्याच्या मागे दिरांनी तिला घरातल्या वाट्यावरून कोर्टात खेचलं होतं आणि दिरांचे वकील होते बापूसाहेब. ती केस ती हरली होती. म्हणून इतकी वर्षं सरोजिनीबाई तिच्या दाराशी गेल्याच नव्हत्या. नावनोंदणीला मात्र जावं लागलं. सुखरानीनं बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि नाव सांगून झाल्यावर आपणहून म्हणाली की पहिल्या खेपेला तिने वकीलसाहेबांनाच मत दिलं होतं.

सरोजिनीबाईंना वाटलं, ही थट्टा करून राहिली. त्यांनी विचारलं, पर क्यों? आप तो केस हार गई थीं.

"हार गए थे," सुखरानी म्हणाली. "देवर लोग चाहते थे कि वकील साहब हमारे चाल-चलन पे कीचड़ उछालें। उन्होंने कागज की बात की, हमारी नहीं। जो आदमी हमारे खिलाफ खड़ा होके झूठ नहीं बोला, वो हमारी तरफ खड़ा होके काहे बोलेगा?"

सरोजिनीबाई घरी आल्या आणि हे सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं. बापूसाहेबांना सांगायची वेळ निघून गेली होती, याचं त्यांना फार वाईट वाटलं. चाळीस वर्षं संसार केला, सासूबाई म्हणाल्या, पण कोर्टात ते कसे बोलतात हे मी कधी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चपला घातल्या. कुठे निघालात, असं सरोजिनीबाईंनी विचारलं, तर म्हणाल्या, जरा कोपऱ्यापर्यंत. त्या सुखरानीकडे गेल्या आणि दिवेलागणीला परतल्या. मग तो रोजचाच नेम झाला. एकीला धड हिंदी येत नव्हती, दुसरीला मराठीचा गंध नव्हता, तरी दोघी ओट्यावर तासन् तास बोलत बसलेल्या दिसत. एकदा सरोजिनीबाईंनी विचारलं की एवढं काय बोलता तुम्ही?

सासूबाई म्हणाल्या, "ती मला कोर्टातलं सांगते, मी तिला घरातलं सांगते."