पन्हळीखालची भांडी

मैत्रिणींनो, आज माझ्या घरात भात लावायला एक पातेलं मोकळं नव्हतं!

झालं असं. छपराची पन्हळ तुंबून पाणी भिंतीत मुरत होतं. लढाईपायी नवा पत्रा मिळेना, म्हणून जुनीच साफ करायला राणूमामांना बोलावलं. हे त्यांचं दर पावसाळ्यातलं काम. शिडीवर चढून त्यांनी कुजका पाला ओरबाडून काढला आणि पाणी धो धो अंगणात पडायला लागलं. मी म्हटलं, सुटले बाई!

सासूबाई परवाच दुष्काळी वडूजहून पहिल्यांदा इथं महाबळेश्वरला आल्यात. त्यांनी धारेखाली आधी घागर लावली, मग हंडा, मग एकेक करून सगळी पातेली.

मामा हसले. "आवं आजी, आता दसऱ्यापातूर ह्येच पडायचं हाय."

"मग दसऱ्यापातूर भरू की!"

रेशनचे तांदूळ निवडून मी ताटकळले होते. वैतागून एक पातेलं ओतायला उचललं.

त्यांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "वत बाई. पर मी आत गेल्यावर वत."

शेवटी शेजारणीचं पातेलं मागून आणलं आणि भात केला. तुमचा हात धजला असता का?